चौथ्या टप्प्याची शिलाई

सून: भाऊजी, पाय जरा मागे घ्या. तुम्ही चौथ्या टप्प्यावर उभे आहात.

भाचा: अं?

सून: बुटाखाली बघा. ‘परिपक्वतेकडे वाटचाल’. सकाळी अहवालाचे सगळे फर्मे, म्हणजे छापील ताव, घडी करून चटईवर मांडलेत. पहिला टप्पा खिडकीशी, पाचवा दाराशी. तुम्ही पाचवा ओलांडलात आणि चौथ्यावर पाय दिलात.

भाचा: पण हे अजून जमिनीवर का, वहिनी? उद्या सकाळी देशाचा टप्पा ठरवायला पाहुणी समिती येतेय! मी बांधून झालेला अहवाल न्यायला आलोय. गाडी खाली उभी आहे.

सून: उभी राहू दे. पानं सुटीच आहेत अजून.

आत्या: टिल्लू, आधी बूट काढ बघू. सगळा देश खाली पसरलाय, त्यात तुझ्या चिखलाची भर नको.

भाचा: आत्या, टिल्लू नको ना. जिन्यात ड्रायव्हर आहे, ऐकू जातं. मी आता नियोजन खात्याचा उपसचिव आहे.

आत्या: बरं बाबा. उपसचिव टिल्लू, बूट काढा.

भाचा: काढले. वहिनी, अडलंय कुठे ते सांगा. दोरा संपला? पुठ्ठा नाही मिळाला? मी माणूस पाठवतो.

सून: दोरा आहे, पुठ्ठा आहे, खळ शिजवून गार झालीय. धंदा संपलाय.

भाचा: म्हणजे?

सून: सकाळच्या टपालानं पत्र आलं. आई, तुम्ही वाचा. माझे हात खळीचे आहेत.

आत्या: ‘आपल्या बांधणी कारखान्याच्या परवान्याचे नूतनीकरण करता येत नाही. हाताने पुस्तकबांधणी हा व्यवसाय राष्ट्रीय व्यवसाय-सूचीतून वगळण्यात आला असून, सदर व्यवसाय देशात अस्तित्वात नाही.’ खाली सही. सही मात्र झोकदार आहे हो. शेपटी अजून तशीच, पार समासाबाहेर.

भाचा: ती... सगळ्याच पत्रांवर माझी सही असते, आत्या. गठ्ठ्यानं येतात. वाचायला कुठे वेळ मिळतो?

सून: म्हणजे आम्ही गठ्ठ्यानं गेलो. बरं झालं, तेवढीच सोबत.

भाचा: वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. ही निव्वळ तांत्रिक बाब आहे.

सून: हो ना. परवाना गेला की विजेचा माणूस येऊन तार काढतो, ते तांत्रिक. शाळा काम द्यायची थांबते, तेही तांत्रिक. मग नगरपालिकेचा शिपाई कुलूप घेऊन येतो. त्या कुलपाचंही काहीतरी तंत्र असेलच. बाबांनी हा पुस्तकं दाबायचा शिकंजा लावला तेव्हा तुमचं खातंही नव्हतं, भाऊजी. मी लग्न होऊन आले, ती या शिकंज्याचा दांडा फिरवायला शिकले. दुसरं काही येत नाही मला. आणि यायची इच्छाही नाही.

भाचा: आपण काढू ना मार्ग. आधी अहवाल बांधून द्या, मग निवांत बसून बोलू.

सून: मी कशी बांधू? धंदा अस्तित्वात नाही. नसलेल्या धंद्यानं असलेला अहवाल बांधला तर उद्या तुम्हीच विचाराल, हा बांधला कुणी?

भाचा: ठीक आहे. मग मी खात्याच्या यंत्रावर करून घेतो.

सून: घ्या की! परदेशातून आणलेलं, बटण दाबलं की पुस्तक बाहेर. तिसऱ्या टप्प्यावरचा मोठा फोटो त्याचाच आहे. मघाशीच घडी घातली मी त्याला.

भाचा: ते सध्या... देखभालीसाठी बंद आहे.

आत्या: का रे?

भाचा: आपल्याकडच्या उन्हात त्याचा गोंद धरत नाही.

सून: गेल्या वर्षीचा अहवाल त्याच्यावरच बांधला होता ना? मंत्र्यांनी व्यासपीठावर उघडला आणि दुसरा टप्पा सुटून पायाशी पडला.

भाचा: सगळा नाही. काही पानं.

आत्या: मग काय केलं त्यांनी?

भाचा: काय करणार? पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेले.

आत्या: आणि समोरचे लोक?

भाचा: टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, ‘देशाची झेप’.

आत्या: छान! पानं गळल्यानं पुढे गेलेला देश मी पहिल्यांदाच ऐकला.

भाचा: आत्या, तू थट्टा करतेस. मान्य, आमच्या चुका होतात. पण मागचा सिद्धांत पक्का आहे. जगभर शिकवतात तो. आधुनिकीकरणाचा सिद्धांत.

आत्या: मग मलाही शिकव. समज, मी चौथीतली मुलगी आहे. पहिल्या बाकावरची.

भाचा: आत्या, खरंच वेळ नाहीये गं.

आत्या: अरे, देशाला पाच टप्पे चढवायला वेळ आहे आणि आत्याला एकदा समजवायला नाही? बस तिथे स्टुलावर. घाई करू नकोस, अडलास तर मी आहेच.

भाचा: बरं. तर... प्रत्येक देशाच्या विकासाचे पाच टप्पे असतात. पहिला, पारंपरिक समाज. लोक हातानं कामं करतात, बापाचा धंदा मुलगा करतो, नवीन काही घडत नाही.

सून: इथे सासऱ्यांचा धंदा सून करते. हे कुठल्या टप्प्यात बसतं?

भाचा: ते... अपवादात. दुसरा टप्पा, उड्डाणाची पूर्वतयारी. रस्ते, बंदरं, बँका, शिक्षण. तिसरा, उड्डाण! देश विमानासारखा जमीन सोडतो. चौथा, परिपक्वता. सगळीकडे यंत्रं, सगळीकडे शिस्त. आणि पाचवा, विपुल उपभोग. सगळ्यांना सगळं मिळतं. गाडी, फ्रिज, सुट्टी.

आत्या: शाबास. स्पष्ट सांगितलंस, आवाजही खणखणीत. आता मुलगी हात वर करते. गुरुजी, विमान उडतं तेव्हा आत कोण कोण बसतं?

भाचा: सगळा देश.

आत्या: मग खाली धावपट्टी कोण झाडतं?

भाचा: ते... ते नंतरच्या विमानानं येतात.

सून: आमचं विमान कितव्या पानावर आहे? तेवढा फर्मा मी जरा जपून शिवते.

भाचा: वहिनी, उदाहरण असतं ते! शब्दशः नाही घ्यायचं.

आत्या: बरोबर आहे त्याचं. वर्गात फिदीफिदी करू नये. मुलीचा दुसरा प्रश्न. गुरुजी, या पायऱ्या कुणी मोजल्या?

भाचा: मोठमोठ्या विद्वानांनी. पुढारलेल्या देशांतल्या. त्यांनी स्वतःच्या देशाचा इतिहास अभ्यासला, आपण कसे कसे वर आलो ते पाहिलं आणि नियम बसवला.

आत्या: स्वतःच्या देशाचा इतिहास पाहिला आणि नियम आपल्याला बसवला.

भाचा: सगळ्यांना. वाट एकच असते, आत्या. कुणी पुढे असतं, कुणी मागे. एवढाच फरक.

आत्या: आपल्या जुन्या घरातली स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आठवते तुला?

भाचा: तिचं काय आता मध्येच?

आत्या: आई त्या चौकटीवर तुझ्या दादाची उंची कोळशानं मांडून ठेवायची. पाचव्या वर्षी इथे, सातव्या वर्षी इथे, दहाव्या वर्षी इथे. मग तू मोठा व्हायला लागलास. तुला प्रत्येक वाढदिवसाला त्याच रेघांना उभं करायचे. ‘दादा या वयात इथवर होता. हा कुठे आहे बघा!’ टिल्लू नाव तिथंच पडलं तुला.

भाचा: वहिनींसमोर हे सगळं कशाला?

सून: मी ऐकत नाहीये. मी अस्तित्वातच नाहीये.

आत्या: एकदा तू चपलेत पुठ्ठा घालून उभा राहिलास. दोन बोटं वर गेलास. सगळ्यांनी पाठ थोपटली. आठवतं?

भाचा: आठवतं.

आत्या: आता नीट आठवून सांग. तुझ्या वाटणीचं दूध कुणाच्या पेल्यात जायचं?

भाचा: दादाच्या.

आत्या: का?

भाचा: आजी म्हणायची, तो मोठा आहे, त्याचं वाढीचं वय आहे. तुझं होईल नंतर.

आत्या: चौकटीवर हे कुठे लिहिलं होतं?

भाचा: आत्या, अहवालात दुधाचं प्रकरण नाही.

आत्या: नसणारच. रेघा दादाच्या होत्या ना! मोजणाऱ्याला उंची दिसते, पेला नाही दिसत. मी काही तुझा सिद्धांत खोडत नाही हो. रस्ते हवेत, शाळा हव्यात, फ्रिज तर मलाही हवा. मी एवढंच विचारते, आता देशाच्या चपलेत पुठ्ठा कोण घालतंय?

सून: सांगा ना, भाऊजी. चौथीतली मुलगी थांबलीय.

भाचा: पारंपरिक व्यवसायांचं प्रमाण एका ठरावीक रेषेखाली आलं तरच देश चौथ्या टप्प्यात धरतात. आपण रेषेच्या अगदी थोडे वर होतो. वरून सांगितलं, काहीतरी करा. मग आम्ही सूचीतले काही बारीकसारीक व्यवसाय...

सून: बारीकसारीक.

भाचा: आकडेवारीच्या अर्थानं, वहिनी! तुम्ही, दोर वळणारे, टोपल्या विणणारे, सुऱ्यांना धार लावणारे. तुम्हाला कुणी त्रास देणार नव्हतं. फक्त मोजायचं नाही, एवढंच ठरलं होतं. परवान्याचं खातं आमची सूची बघून परवाने देतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सून: आणि उद्या समितीच्या स्वागताच्या मांडवाला दोर कुणाचे?

भाचा: ...दोरवाल्यांचेच.

सून: सांभाळा बरं. नसलेल्या दोरांच्या भरवशावर मंत्र्यांना बसवताय.

आत्या: मग उपाय सरळ आहे. उद्याच्या आत तिला सूचीत परत घाल. तू काढलंस, तूच घाल.

भाचा: नाही गं घालता येत! एक परत घातला की बाकीचेही मागे लागतात, सगळं प्रमाण वर जातं, देश तिसऱ्या टप्प्यात परत येतो. समितीला पत्र गेलंय. चौथ्या टप्प्याचं टपाल तिकीटसुद्धा छापून झालंय, आत्या. माझी नोकरी जाईल.

सून: आमच्या एका शिकंज्यानं अख्खा देश अडतो, हे मला आजच कळलं. आधी सांगायचंत, दांडा जरा हळू फिरवला असता.

भाचा: वहिनी, मी हात जोडतो. उद्या सकाळी त्या लोकांच्या हातात सुटी पानं देऊ का मी?

सून: द्या. वारा असेल तर आणखी एक झेप होईल.

आत्या: पुरे गं. रडवेला झालाय तो. लहानपणापासून असाच आहे, गणित चुकलं की खालचा ओठ पुढे येतो. टिल्लू, पाणी पी. तिथे फळीवर तांब्या आहे. अरे, त्या वह्यांना हात लावू नकोस, ओल्या असतील.

भाचा: कसल्या वह्या या? छान आहेत. शिवण बाहेरून दिसतेय.

सून: तुमच्या दादांच्या. दर वर्षी परदेशी पाठवते त्यांना, यंदा जास्त मागवल्यात. तिकडच्या त्यांच्या ऑफिसातले लोक वेडे होतात म्हणे. कणा उघडा ठेवा, दोरा दिसू द्या, पुठ्ठा जरा खडबडीतच असू द्या. मी म्हटलं, अर्धवट बांधलेली वही कुणाला आवडते? तर म्हणाले, इथे यंत्राच्या वह्या कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगानं मिळतात. हाताची वही भेट दिली की माणूस रसिक ठरतो.

भाचा: थांबा. पुन्हा सांगा.

सून: काय सांगू? रसिक ठरतो.

भाचा: तिकडे म्हणजे पाचव्या टप्प्यात! पाचव्या टप्प्यातले लोक हौसेनं हाताची वस्तू घेतात. वहिनी, तुम्ही पारंपरिक नाहीच! तुम्ही ‘उच्च अभिरुचीच्या उपभोग्य वस्तू’ आहात!

सून: आई, हे मला काय म्हणाले?

आत्या: थांब, मलाही उमगलं नाही अजून. म्हणजे सकाळी ही पहिल्या टप्प्यात होती म्हणून नव्हती. आणि दुपारी पाचव्यात आहे म्हणून आहे?

भाचा: अगदी बरोबर!

आत्या: आणि मधल्या पायऱ्या? विमान वगैरे?

भाचा: ते मी टिपणीत बसवतो. पाचव्या टप्प्याचा वर्ग माझ्या अखत्यारीत आहे, कुणी मागितलाच नव्हता आजवर. प्रमाण बिघडत नाही, उलट देश सुधारतो! द्या ते पत्र, त्याच्यावरच शेरा मारतो. ‘व्यवसायाचे वर्गीकरण बदलून परवाना मंजूर.’ आणि सही. घ्या. आता शिवता ना?

सून: शाई वाळू द्या. वाचून बघते. ‘सदर कारखान्याने केवळ नवीन वस्तू तयार करावयाच्या आहेत.’ केवळ म्हणजे? शाळेची फाटकी पुस्तकं?

भाचा: ती नाही चालणार. दुरुस्ती पाचव्या वर्गात येत नाही.

सून: अर्ध्याहून जास्त काम माझं तेच आहे. प्रत्येक सुट्टीत गाठोडी येतात. कणे निखळलेले, कोपरे खाल्लेले, कुणी मधल्या पानाची होडी केलेली.

भाचा: समजतंय मला. पण पाचव्या टप्प्यात वस्तू फाटली की टाकतात आणि नवी घेतात. तो टप्पा चालतोच त्याच्यावर. ‘दुरुस्ती’ असा शब्द लिहिला की कारकून फाईल उचलून पहिल्या टप्प्यात टाकतो. मग तुमचा परवाना मीसुद्धा वाचवू शकत नाही.

आत्या: म्हणजे वर पोचलेल्या देशांत मुलांची पुस्तकं फाटतच नाहीत?

भाचा: फाटतात गं. दिसत नाहीत.

सून: दोरवाल्यांचं काय करणार?

भाचा: दोरांना अभिरुची कुठून लावू, वहिनी? एका वेळी एकच जमेल मला. खरंच सांगतो.

सून: हं.

आत्या: तू ठरव गं. कारखाना तुझा आहे. याच्याकडे पाहून नको, माझ्याकडे पाहून तर अजिबात नको.

सून: ठरवायचं काय त्यात, आई? कुलूप घेऊन येणारा शिपाई टप्पा विचारत नाही, कागद मागतो. द्या तो फर्मा इकडे. नाही, तो नाही, तो दुसरा. यंदा दुसरा टप्पा दुहेरी शिवते, गळायला नको.

भाचा: मी काही मदत करू?

सून: करा. हा दांडा दोन्ही हातांनी धरा आणि मी सांगेन तेव्हा डावीकडे ओढा. जोरात नको. देश आहे आत.

(सून एकेक फर्मा शिवून कणा बांधते. शिकंज्याचा दांडा करकरतो. खाली दोनदा हॉर्न वाजतो.)

सून: झालं. सकाळपर्यंत वजनाखाली ठेवा, आत्ता उघडून बघू नका.

भाचा: सुंदर झालाय, वहिनी. हलतसुद्धा नाही काही. बांधणी कुणाची म्हणून विचारलं तर काय सांगू त्यांना?

सून: यंत्राची. नाहीतर फोटोतल्या त्या यंत्राला वाईट वाटेल.

आत्या: चल, बूट घाल. ड्रायव्हर ताटकळलाय. का रे, आता काय घुटमळतोस?

भाचा: काही नाही. म्हणजे... वहिनी, आणखी एक वस्तू आणलीय. पिशवीतून वर घेऊन आलो, पण मघाशी बाहेर काढायचा धीर झाला नाही.

सून: काय आहे?

भाचा: माझ्या धाकट्या लेकीचं भूगोलाचं पुस्तक. कणा सुटलाय, नकाशे बाहेर आलेत. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे तिची.

सून: अगंबाई! पाचव्या टप्प्यात टाकून देतात ना, भाऊजी? नवं घ्या.

भाचा: नवं मिळत नाही कुठे. सगळी दुकानं पालथी घातली.

आत्या: का बरं? सरकारी पुस्तक आहे ना?

भाचा: यंदा पाठ्यपुस्तकं छापायची राहिलीत. कागद सगळा... अहवालाला लागला.

भाचा: तू काही बोलू नकोस, आत्या.

आत्या: मी कुठे बोलले? ठेव ते तिथे टेबलावर. पोरीला म्हणावं, पुस्तक फाटलं म्हणून आजी रागावलेली नाही.

सून: बघू. हं, शिवण पार गेलीय, पण पानं सगळी आहेत. शनिवारी न्या.

भाचा: मी स्वतः येतो. ड्रायव्हरला नाही पाठवत.

सून: या. फक्त मागच्या दारानं या, भाऊजी. पुढचं दार आता पाचव्या टप्प्यात आहे.